तरसाला दिलेली राखण

“सर, मुलीला हलू देऊ नका!” जोसेफ ओरडत होता. आमच्या तंबूच्या लाकडी पायरीवर तरस उभं होतं, आणि तीन हातांवर, खुर्चीत, माझी सई. ऊन कलत होतं. तरस गुरगुरत नव्हतं. वाट पाहत होतं — बोलावणं आलेल्या पाहुण्यासारखं.

इथून पुढचं आमच्या दुबईजवळच्या अजमानमध्ये कुणी ऐकायचं राहिलंय? गणपतीत, पंगतीत, हमरियाला कामावरच्या कॅन्टीनमध्ये — दर वेळी ते तरस वीतभर वाढलं. हल्ली बैलाएवढं आहे, आणि मी त्याला नुसत्या नजरेनं परतवतो. त्याच्या आधीचं मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

ते पायरीवर आलं कशाला?

अल ऐनच्या पुढे वाळवंटात कुंपण घालून आफ्रिकेतलं रान उभं केलंय. जिराफ, हरणं, तरसं — आणि पाहुण्यांना फिरवायला केनियाचा जोसेफ. आम्ही तीन कुटुंबं गेलो होतो. बाकीची दोन पुण्याची. आल्या आल्या जोसेफनं बजावलं, तंबूबाहेर अन्नाचा कणही ठेवायचा नाही. सगळ्यात जोरात मान मी हलवली.

पण त्या जागेत काहीतरी होतं — कसं सांगू? संध्याकाळी वारा पडायचा आणि वाळूत कुणीतरी चालायचं. चार पावलं. मग गप्प. मी, शंभर माणसांत एकटाच बोलत सुटणारा, घाबरलो. आमच्या सिंधुदुर्गात परक्या जागेत राहायचं तर तिथल्या न दिसणाऱ्या राखणदाराला राखण देतात. नारळ, कोंबडा. पुणेकरांपुढे हे बोलायची लाज वाटली. मग बार्बेक्यूतली कोंबडीची तंगडी रुमालात लपवून आणली, पायरीखाली ठेवली आणि हळूच गाऱ्हाणं घातलं — बाबा रे, जागा तुझी, माझ्या पोरीला सांभाळ.

सकाळी हाडसुद्धा नव्हतं. मला काय वाटलं असेल? बरं वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली.

त्याच संध्याकाळी तरस पायरीवर आलं, आणि जोसेफ काठी आडवी धरून सईच्या पुढे उभा राहिला. किती वेळ, ठाऊक नाही. मी खांबाला चिकटलो होतो. शेवटी ते वळलं — सावकाश, माझ्याकडे बघत.

“बाबा, इट नोज यू. ओळखतं ते तुला,” सई म्हणाली.

मॅनेजरला पायरीखाली अर्धी तंगडी सापडली. मांस कुणी ठेवलं, त्यानं विचारलं. आणि मी — क्षणभर अडखळलोसुद्धा नाही — म्हणालो, जोसेफनं. प्राणी जवळ यावेत म्हणून टाकतो. कालही टाकताना पाहिलं, डाव्या हातानं. तो डावा हात मला कुठून सुचला? पण त्या हातामुळेच सगळ्यांना पटलं. जोसेफनं हातातली काठी पायरीला टेकवून ठेवली.

दुसऱ्या सकाळी त्याची बॅग फाटकापाशी होती. नोकरी गेली म्हणजे व्हिसाही गेला, हे इथे कुणाला सांगावं लागतं? मॅनेजर गाडीतून यल्ला, यल्ला — चल लवकर — करत होता. मी जवळ गेलो आणि मॅनेजरला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालो, “जोसेफ, ते मी ठेवलं होतं.”

त्यानं बॅग डिकीत टाकली.

“माहीत आहे, सर,” तो म्हणाला. “मुलीला आज बाहेर बसवू नका. ते आजही येईल.”