न वाजणारा भोंगा

ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरात ओहोटीच्या वेळी समुद्र इतका मागे जातो की सकाळी जिथे बोट तरंगत होती तिथे दुपारी नुसता चिखल असतो. त्या चिखलात मगरी असतात. माझ्या नवऱ्याची नोकरी या चिखलावर चालली होती.

एका छोट्या कंपनीत तो बोटींसाठी प्रोग्राम लिहायचा. कुठल्या खाडीतून किती वाजता परतायचं ते सांगितलं की त्या वेळी तिथे किती खोल पाणी असेल हे तो प्रोग्राम काढायचा. त्यातून बोटीचा पाण्याखाली राहणारा भाग वजा व्हायचा. उत्तर शून्याखाली गेलं, म्हणजे बोट टेकणार असेल, तर भोंगा वाजायचा.

घरच्या लॅपटॉपवर तो व्यवस्थित वाजायचा. बोटीवरच्या छोट्या यंत्रात वाजत नव्हता. हे शेजारच्या आजोबांमुळे कळलं. ते निवृत्त प्लंबर, स्वतःची बोट बाळगणारे, आणि कंपनीचं यंत्र हौसेने वापरून बघणारे. एका शनिवारी त्यांची बोट खाडीत टेकली आणि पाणी परत येईपर्यंत ते तिथेच बसून राहिले. त्यांची तक्रार एवढीच होती की सँडविच कमी पडले.

कंपनीच्या साहेबांनी मात्र ते हसण्यावारी नेलं नाही. पुढच्या शुक्रवारी नवऱ्याचं प्रोबेशन संपत होतं. तोवर यंत्रातला भोंगा वाजला नाही तर नोकरी पक्की होणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. व्हिसा कंपनीकडून होता. नोकरी गेली तर पुण्याला परत. मुलगी नुकती इथल्या शाळेत रुळली होती.

प्रोग्राम एकच होता, फक्त दोन तऱ्हांनी तयार व्हायचा. माणसाने लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देतो तो कंपायलर. लॅपटॉपसाठी तो घाई करत नसे, लिहिलेलं सगळं जसंच्या तसं ठेवायचा. बोटीवरचं यंत्र कमी ताकदीचं, म्हणून त्याच्यासाठी तो काटछाट करायचा, नको असलेलं काम काढून टाकायचा. भोंगा त्या काटछाटीत कुठेतरी जात होता. नवरा चार दिवस कंपायलरला दोष देत होता. जेवताना, गाडी चालवताना, मुलीच्या वेण्या घालतानासुद्धा.

बुधवारी आजोबांनी चहाला बोलावलं. त्यांनी मगमध्ये चहा ओतला आणि साखरेची बरणी टेबलावर ठेवली. नवऱ्याने बोलता बोलता दोन चमचे साखर घातली, ढवळली आणि प्यायला. मी पाहिलं.

घरी येताना फाटकाशी विचारलं, "तू साखर कधीपासून घेतोस?"

"पहिल्यापासून."

"तू घेत नाहीस. बघायला आलास तेव्हा बाबांसमोर सांगितलंस."

"त्यांना डायबिटिस होता गं. सगळे बिनसाखरेचा पितायत आणि मी एकटा दोन चमचे मागू?"

त्यात तथ्य होतं. वडिलांमुळे आमच्याकडे चहा बिनसाखरेचाच व्हायचा, आणि पाहुण्यांसाठी ट्रेमध्ये साखरेचं भांडं वेगळं ठेवत. जावई साखर घेत नाहीत म्हटल्यावर तो येई तेव्हा ट्रेमधून ते भांडं गेलं. पुढे आमच्या संसारातही ते वरच्या फळीवर राहिलं.

"मग नंतर सांगायचंस," मी म्हटलं.

"तू विचारलंस कधी?"

"कशाला विचारू? घेत नाही म्हणाला होतास. न घेणाऱ्या माणसासमोर रोज भांडं नाचवायचं का?"

तो फाटकाची कडी हातात धरून उभा राहिला. मला वाटलं, रागावला.

"म्हणजे मी सांगितलं म्हणून तू विचारणंच काढून टाकलंस," तो म्हणाला, आणि फाटक उघडं टाकून आत गेला.

लॅपटॉपसमोर त्याला फार वेळ लागला नाही. उत्तर ज्या नावाखाली साठवलं जायचं, त्या नावापुढे त्यानेच सुरुवातीला लिहून ठेवलं होतं की हा आकडा शून्याखाली कधीच जात नाही. लिहिलं तेव्हा ते खरं होतं. त्या नावाखाली तेव्हा फक्त पाण्याची खोली होती. बोटीचा भाग वजा करायचं नंतर ठरलं आणि वरची ओळ तशीच राहिली. लॅपटॉपवर कंपायलर त्या ओळीकडे लक्षच देत नसे. काटछाट करताना मात्र तो तिच्यावर विश्वास ठेवायचा. आकडा शून्याखाली जाणारच नसेल तर तो गेला का हे विचारायचं कशाला? त्याने ती विचारणा काढून टाकली, आणि तिच्यासोबत भोंगाही.

"बिचाऱ्याने माझंच ऐकलं," नवरा ती ओळ पुसत म्हणाला. चार दिवसांत कंपायलरबद्दल पहिल्यांदाच तो प्रेमाने बोलला.

गुरुवारी धक्क्यावर आजोबांनी यंत्रात मुद्दाम ओहोटीची वेळ घातली. भोंगा असा वाजला की शेजारच्या बोटीवरचा कुत्रा उठून बसला. आजोबा म्हणाले, "मित्रा, आता बंदही कर." शुक्रवारी साहेबांचा फोन आला. नोकरी पक्की झाली.

साखरेचं भांडं खाली आलं. आतली साखर दगडासारखी झाली होती, ती टाकून नवी भरली. हल्ली चहा ओतताना मी रोज विचारते. कधी कधी तो नको म्हणतो. दुसऱ्या दिवशी मी तरीही विचारते.