चौगुले सरांचे ठिपके

चौगुले सर आमच्या वृद्धाश्रमात बायकोला भेटायला रोज यायचे, पण आल्या आल्या तिच्याकडे जायचे नाहीत. आधी दिसेल त्या मावशीला गाठायचे आणि विचारायचे, "काल कुठं होता, मावशी?" मी तिथली मुख्य सिस्टर. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा चळलाय. कोडोलीच्या आक्काताईनं तर तोंडावरच सुनावलं, "माज्या नवऱ्यानं बी कदी एवढं इचारलं न्हाय ओ सर!" सर हसले नाहीत. "नवऱ्याचं सोडा. काल कुठल्या आश्रमात होता, तेवढं सांगा की."

त्यांचं विचारणं उगाच नव्हतं. आमच्याकडे कायमच्या बायका मोजक्याच. कुणी रजेवर गेलं, की बदलीची मावशी बोलवायची. त्याच मावशा कोल्हापुरातल्या आणखी दोन आश्रमांतही बदलीवर जायच्या. सर मूळचे गडहिंग्लजचे, जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेले. निवृत्तीनंतर त्यांनी लॅपटॉपवर या तिन्ही आश्रमांचा लुटुपुटूचा खेळ मांडला होता. प्रत्येक म्हातारं माणूस एक ठिपका, प्रत्येक मावशी एक ठिपका. एका आश्रमात एक ठिपका आजारी पाडायचा आणि बघत बसायचं. आजारी ठिपका लाल व्हायचा. बदलीच्या मावशीनं दार ओलांडेपर्यंत लाल रंग त्या घरातच. ओलांडलं, की आमच्याकडे लाल. त्यातला एक ठिपका म्हणजे विमलकाकू, सरांची बायको. तो कुठला, ते सर बोटानं कधी दाखवायचे नाहीत, पण त्यांच्या नजरेवरून मला कळायचं.

काकूंना कशाचीच आठवण राहिली नव्हती. नवऱ्याला त्या "या पावणं, बसा" म्हणायच्या आणि सर खरोखरच पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर टेकायचे. घरी ठेवून बघितलं होतं त्यांनी. काकू भर दुपारी हायवेवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "हिला कुठंही ठेवली तरी धोका हाय, सिस्टर," ते म्हणायचे. "निदान कुठला धोका, ते तरी मला ठाऊक असू दे."

सरांचं मागणं एकच होतं: एका मावशीला एकच आश्रम. आमच्या आश्रमाच्या अध्यक्षांनी लॅपटॉप पाहिला आणि म्हणाले, "सर, ठिपक्यांनी माणसं मरत न्हाईत ओ. बायका मिळत न्हाईत, त्याचं बोला." तेही खोटं नव्हतं. मावशीला एकाच घरी बांधायचं तर तिला रोजचं काम द्यायला हवं, आणि ते द्यायला तिन्ही आश्रमांपैकी एकही तयार नव्हता.

मग सरांनी गुलाल काढला. दुसऱ्या आश्रमातल्या सिस्टरला सांगून तिथल्या एका पलंगाच्या कठड्याला त्यांनी सकाळी जोतिबाचा गुलाल चोळून ठेवला. आक्काताई दुपारी तिथून आमच्याकडे येणार होती. तिच्या हातानं तो कुठं कुठं पोचतो, ते अध्यक्षांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. संध्याकाळी बघायला गेलो, तर आमच्या एकूण एक म्हाताऱ्यांच्या कपाळावर गुलाल! काकूही माखलेल्या आणि खुशीत. आक्काताईनं कठड्यावरचा गुलाल गोळा करून पदराच्या टोकाला बांधून आणला होता. "देवाचा गुलाल पुसून टाकू व्हय? चांगभलं म्हटलं आन् लावला समद्यास्नी!" अध्यक्ष पोट धरून हसले. प्रयोग पार बोंबलला. मलाही हसू आवरेना. सर काकूंच्या कपाळाकडे बघत म्हणाले, "आजारबी असाच येणार, सिस्टर. मायेनं लावलेला."

आला की तसाच. पावसाळा सरता सरता शहरात तापाची साथ आली आणि त्या दुसऱ्या आश्रमातून आमच्याकडे शिरली. आक्काताई स्वतःच आडवी झाली, बाकीच्या मावशा भीतीनं येईनात. खोल्याखोल्यांतून पाण्यासाठी हाका. सर काकूंच्या खोलीत दार लावून बसले. कुणाला आत घेईनात. खाणंपिणं, धुणंपुसणं सगळं त्यांच्याच हातानं. काकूंना ताप नव्हता. मला वाटलं, चला, ही एवढी तरी वाचेल.

शेजारच्या खोलीत शाहूवाडीचे एक आजोबा तापानं फणफणले होते. सकाळपासून त्यांचं "पाणी, पाणी" चाललेलं. मी वरच्या मजल्यावर अडकलेली. खाली आले, तर सर आजोबांना छातीशी टेकवून पाणी पाजत होते. हातमोजे तर केव्हाच संपले होते. मी ओरडलेच, "अहो सर, तुम्हाला सगळं कळतंय ना!"

"कळतंय की," ते म्हणाले. "पण ऐकत किती बसू ओ?"

त्या दिवसापासून खोल्यांची ती सगळी रांग त्यांनीच सांभाळली. पाणी, पेज, कूस बदलणं. मग हात धुऊन, सदरा बदलून काकूंकडे. तिथं दुसरं जाणार कोण?

काकूंना ताप आला. सरांनी दार उघडल्यावर ताप बघायला मीही आत गेले होते; तो माझ्याकडूनही आला असेल, मी तसं सरांना दहादा सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. डॉक्टरांनी आशा सोडली, काकूंना धाप लागली, तेव्हा मी तुळशीचं पाणी आणि चमचा सरांपुढे धरला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तुम्ही पाजा, सिस्टर."

"आता काय फरक पडतोय, सर? तुमच्या हातचं जाऊ दे की पोटात."

ते मागे सरकत दाराबाहेर गेले. शेवटी मीच पाजलं. काकू गेल्या. मी त्यांचे डोळे मिटले, चादर नीट केली, बाजूला होऊन जागा केली. तरी सर आत आले नाहीत.