डिकीतला डावा कोपरा

गाड्यांना वूफर, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, बसवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली कानसेन म्हणायची. मूळचा तो सुतार. पुढे गाडीतल्या आवाजाचं वेड लागलं, आणि कपाटं करणारे हात वूफरचे खोके करू लागले.

गाडी आली की तो लगेच करवत उचलत नसे. आधी एक जुना, ओबडधोबड खोका डिकीत मध्ये ठेवी, मग कडेला, मग पार मागे. दर वेळी ड्रायव्हरच्या सीटवर येऊन डोळे मिटून ऐके. बहुतेकदा वूफर मागच्या टोकाला, तोंड मागच्या दिव्यांकडे करून ठेवला की खर्ज भरदार लागे. पण गाडीगणिक फरक पडतो, म्हणून ऐकल्याशिवाय माप घ्यायचं नाही, हा त्याचा नेम.

एकदा त्याच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची, म्हणजे दाजींची गाडी आली. सोबत ताई होती आणि तिच्या सासूबाई; त्यांना तो काकू म्हणे. काकूंचे पाय गेलेले. दर रविवारी दाजी त्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे नेत. घराबाहेरचं त्यांचं तेवढंच जग. ताईनं डिकीतून चाकांची खुर्ची काढून उघडली, काकूंना दुकानाच्या दारात बसवलं.

"काय रे, गाडीला ऐकू येतं का ते बघतोयस?" काकूंनी विचारलं.

"गाडीला नाही काकू, मला येतं का ते बघतोय."

गप्पा मारत त्यानं माप घेतलं. आठवड्यानं दाजींच्या गाडीत जो खोका बसला, तसा त्यानं जन्मात केला नव्हता. डिकीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मध्ये नख शिरणार नाही. दाजींनी गाणं लावलं.

"वा! पोट हललं माझं!"

"ते आधीपासूनच हलतंय," ताई म्हणाली. मग तिनं घडी केलेली खुर्ची डिकीपाशी आणली आणि थबकली. "आणि ही कुठे ठेवू?"

कानसेन खुर्चीकडे बघतच राहिला. माप घेताना काकू तिच्यात बसल्या होत्या. त्याच्या लेखी ती काकूंची बैठक होती, डिकीतलं सामान नव्हतंच.

"मागच्या सीटवर ठेवू," दाजी म्हणाले.

"आणि आईंना टपावर? पाय लांब करायला त्यांना मागची अख्खी सीट लागते."

काकूंनी हात हलवला. "मी घरीच बरी. येईल की बहीणच कधीतरी."

"त्यांचे गुडघे कुठे धड आहेत?" ताई म्हणाली. ती येणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंना तर सगळ्यांत जास्त.

दाजी खोक्यावरून हात फिरवत उभे राहिले. काढ म्हणवेना, राहू दे म्हणवेना. शेवटी कानसेननंच स्क्रू सैल करायला घेतले.

या खेपेला त्यानं आधी खुर्ची डिकीत ठेवली आणि उरलं ते बघितलं. चाकाच्या कमानीमागे डावीकडे एक वाकडीतिकडी पोकळी होती. तिच्याच आकाराचा खोका केला, तोंड मागे ठेवलं. मग खुर्ची आत, माणसं आपापल्या जागी, आणि मगच गाणं. पुढच्या सीटवर खर्ज गायब! त्यानं उतरून वूफरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. पुढच्या स्पीकरांचा आवाज आणि मागच्या वूफरचा आवाज एकमेकांना खात होते, ते आता एका सुरात ओढू लागले. दाजींचा चेहरा जरा खुलला, एवढ्यात मागून खडखड.

"माझ्या खुर्चीलाही कंठ फुटला रे," काकू म्हणाल्या.

त्यानं खुर्चीच्या पाय ठेवायच्या फळ्यांना जाड कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या.

"पहिल्याची सर नाही याला," दाजी पुटपुटले.

"नाहीच," कानसेन म्हणाला. "खोका लहान झाला दाजी, आवाज तेवढा कसा राहील?"

रविवारी जाता जाता ते दुकानासमोर थांबले. मेहुण्याला ऐकवावं म्हणून दाजींनी आवाज वाढवला. मागून काकू म्हणाल्या, "बंद कर बाबा ते. बहिणीला काय काय सांगायचंय, ते जरा आठवू दे."

दाजींनी तोंड वाकडं केलं, पण गाणं बंद केलं. गाडी वळणावरच्या खड्ड्यात आपटून गेली. कानसेननं सवयीनं कान दिला. डिकीतून काहीच वाजलं नाही.