डबीचा दिवा काही लाल होईना

कंपनी काढायची म्हटलं की भांडवल जमायच्या कितीतरी आधी किस्से जमायला लागतात. भांडवलासाठी दारोदार फिरावं लागतं, किस्से मात्र घरपोच येतात. आमच्याकडे सध्या इतके साठलेत की कुणी किश्शांवर कर्ज देणार असेल तर आम्ही उद्याच तारण ठेवू!

आम्ही म्हणजे तिघं. मी, माझ्याबरोबर जर्मनीत कायझर्सलाउटर्नला मास्टर्स केलेला नाशिकचा समीर, आणि आमच्याच बॅचचा योनास, जो इथलाच. आमचं यंत्र म्हणजे साबणाच्या वडीएवढी एक डबी. ती भिंतीला लावायची. खोलीतली हवा कोंदट, दमट झाली की तिचा हिरवा दिवा लाल होतो. मग खिडकी उघडायची. शिवाय हवेची रोजची नोंद ती ठेवते.

इथे भाड्याच्या घरात भिंतीला बुरशी आली की घरमालक म्हणतो, "तुम्ही खिडक्या उघडत नाही," आणि घर सोडताना डिपॉझिट कापतो. माझं असंच कापलं. मी तर कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडून स्वेटरवर स्वेटर घालून बसायचे! पण पुरावा कुठे होता? भाडेकरूच्या हातात पुरावा असलाच पाहिजे, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय.

अडचण समीरची होती. त्याला इंगोलश्टाटच्या एका मोटार कंपनीत नोकरी लागली होती आणि महिनाअखेरपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. तोवर गुंतवणूकदार मिळाला तर तो थांबणार, नाहीतर जाणार. त्याच्या बाबांनी तर पेढे वाटूनही टाकले होते. आणि डबीतलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स समीरच्या डोक्यात! तो गेला की आमच्याकडे खरंच साबणाची वडी उरणार.

*

कंपनी नोंदवायला आधी नोटारकडे, म्हणजे इथल्या नोटरीकडे, जावं लागतं. तो सगळा करारनामा मोठ्याने वाचून दाखवतो. सगळा म्हणजे सगळा, कायदाच आहे तसा. समीरच्या आईला हा सोहळा बघायचा होता, म्हणून नोटारची परवानगी काढून आम्ही व्हिडिओ कॉल लावला.

नोटारने एका सुरात, एका दमात वाचायला सुरुवात केली. स्क्रीनवर बघतो तर काकू हात जोडून बसलेल्या! वाचन संपल्यावर म्हणाल्या, "गुरुजी छान आहेत रे. एक शब्द गाळला नाही. दक्षिणा किती घेतात?"

समीरने फी सांगितली. काकूंनी जोडलेले हात सोडले.

"एवढ्या पैशांत आपल्याकडे लग्नही लावून देतात, समीर!"

*

कंपनी नोंदवल्यावर पहिला अर्ज आला तो योनासचा. रजेचा!

"अरे, आपण तिघंच आहोत," मी म्हणाले. "पगार कुणालाच नाही. रजा कसली मागतोस?"

"उन्हाळ्याची. तू गेशेफ्ट्सफ्युररिन आहेस, कंपनीची प्रमुख. मंजूर तूच करायची."

"आणि मी नाही म्हणाले तर?"

योनासने शांतपणे विचार केला. "मग मला कामगार संघटना काढावी लागेल."

रजा मंजूर झाली. आमच्या कंपनीने घेतलेला तो पहिला अधिकृत निर्णय!

*

पहिली डबी आम्ही योनासच्या ओमाकडे, म्हणजे आजीकडे, लावली. आठवडाभर नोंद अशी सुंदर आली की विचारू नका. हवा कायम ताजी, दिवा कायम हिरवा. योनास अभिमानाने सांगत सुटला, "बघा, जर्मन माणसाला हे रक्तातच असतं!"

डबी आणायला गेलो तर ती भिंतीवर नव्हती. ओमाने बाल्कनीचं दार उघडलं आणि फुलांच्या कुंड्यांमधून ती काढून दिली.

"आत सारखी लाल होऊन मला बोलत होती," ओमा म्हणाल्या. "म्हटलं, बाहेर बस!"

*

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी धीर करून आमच्या कंपनीबद्दल बोलले. लोकांनी आम्हाला पैसे सोडून सगळं दिलं: सल्ले, आशीर्वाद, उरलेल्या चकल्या. फक्त वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये असलेले कुलकर्णीकाका जवळ येऊन हळूच म्हणाले, "रविवारी घरी या. मला इंटरेस्ट आहे."

आम्ही इस्त्रीचे कपडे घालून गेलो. मी लॅपटॉप उघडणार तोच काका म्हणाले, "ते नंतर. आधी इकडे या," आणि आम्हाला थेट बाथरूममध्ये घेऊन गेले. कोपऱ्यात छतापर्यंत बुरशी!

"तज्ज्ञ म्हणून तुमचं मत काय?"

मत देता देता समीर स्टुलावर कधी चढला आणि माझ्या हातात ब्रश कधी आला, कळलंच नाही. संध्याकाळपर्यंत कोपरा पांढराशुभ्र. कुलकर्णीकाकूंनी थालीपीठ वाढलं. निघताना काकांनी समीरच्या पाठीवर हात ठेवला.

"बाळा, स्पष्ट सांगतो. यात पैसा आहे. ती डबी सोडा आणि साफसफाईचं काम घ्या!"

*

मग आल्या लेन्झबाई. नव्या कंपन्यांत स्वतःचा पैसा घालणाऱ्या. आम्ही त्यांच्या ऑफिसात डबी टेबलावर ठेवली.

"आल्झो, चला, सुरू करा," बाई म्हणाल्या आणि भर थंडीत दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. डबी हिरवीगार!

"खिडक्या जरा बंद करता का?" मी विचारलं.

"पण मग हवा खराब होईल."

"तेच तर दाखवायचंय!"

नाइलाजाने त्यांनी खिडक्या लावल्या. आम्ही वाट बघतोय, दिवा हिरवाच. मी समीरला मराठीत म्हणाले, "डबीजवळ जा आणि जोरजोरात श्वास सोड." बिचारा टेबलावर वाकून भात्यासारखा फुसफुसायला लागला. आता होणार लाल, आता होणार, तेवढ्यात बाई घाबरून उठल्या.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" असं म्हणत त्यांनी धावत जाऊन खिडक्या उघडल्या!

*

तरी बाईंनी आम्हाला हाकललं नाही. म्हणाल्या, "मला या डबीची गरज नाही. पण माझी एक इमारत आहे. भिंतींना बुरशी येते, कारण भाडेकरू खिडक्या उघडत नाहीत. डब्या तिथे लावा. हे सिद्ध झालं तर मी पैसे घालते."

मला ते पटेना. भाडेकरूंसाठी केलेली डबी त्यांच्याविरुद्ध साक्ष देणार? समीर म्हणाला, "अगं, ती खरं तेच सांगेल ना?" भाडेकरूंनी तर आनंदाने डब्या लावून घेतल्या.

आणि डब्यांनी खरं तेच सांगितलं. भाडेकरू खिडक्या अगदी नेमाने उघडत होते. पण बाहेर पाऊस पडला की घरात कुणी नसतानाही ओल वाढत होती. पाणी इमारतीच्या भिंतींतच मुरत होतं. चूक घरमालकिणीची!

बाईंची भेट ठरली नेमकी महिन्याच्या शेवटच्या दिवशी. जाताना बसमध्ये मी समीरकडे बघितलं.

"दाखवायचं?"

"दाखव," तो म्हणाला. "नाहीच जमलं, तर इंगोलश्टाटलाही खिडक्या असतात."

बाईंनी सगळे आलेख पाहिले. परत पहिल्यापासून पाहिले.

"हे अजून कुणाला दाखवलंत?"

"कुणालाच नाही."

"म्हणजे हे यंत्र घरमालकालाही दोषी ठरवतं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," योनास म्हणाला. मी त्याला टेबलाखालून लाथ मारली.

बाईंनी आलेख बाजूला सारले. मग म्हणाल्या, "मग हे प्रत्येक भाडेकरू विकत घेईल. मी पैसे घालते."

समीरने तिथल्या तिथे फोन काढला आणि इंगोलश्टाटला नकार कळवून मोकळा झाला. पण बाईंचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"फक्त एक अट आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या इमारतीतल्या डब्या आज संध्याकाळच्या आत काढून न्या!"