रफ वहीतली रीडिंग्ज

बारावीत केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मला तीसपैकी चोवीस मार्क मिळाले. आमच्या साताऱ्याच्या कॉलेजात बाकी बहुतेकांना एकोणतीस, तीस. माझ्या रफ वहीत चुका फार, असं मॅडमचं म्हणणं. मी त्यांच्यावर इतका राग धरला, की निरोप समारंभात त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही.

त्याच वर्षी कोरोना आला, आणि सप्टेंबरात मी नेदरलँड्सला रसायनशास्त्र शिकायला आले. खोली डेल्फ्टला, कॉलेज शेजारच्या गावात. डिसेंबरात सगळं बंद झालं आणि कॉलेज लॅपटॉपमध्ये आलं. पहिल्या वर्षाची लॅब होईना. ती झाल्याशिवाय दुसऱ्या वर्षाचे मुख्य विषय घेता येणार नव्हते. आणखी एक वर्ष मला इथं ठेवणं घरच्यांना झेपलं नसतं. सरळ परत जावं लागलं असतं.

मग कळलं, की बारावीपर्यंत केलेलं लॅबचं काम परीक्षा समितीला पटलं, तर त्या लॅबमधून सूट मिळते. मी आनंदानं उडीच मारली. प्रॅक्टिकलचं जर्नल होतं की! ब्राउन पेपरचं कव्हर, पहिल्या पानावर सर्टिफिकेट, कॉलेजचा शिक्का. आईनं एकेका पानाचा फोटो काढून पाठवला.

समितीतल्या बाई व्हिडिओ कॉलवर पानं बघत होत्या. इथली माणसं तोंडावर बोलतात, हे एव्हाना ठाऊक झालं होतं.

"तिन्ही वेळा नऊ पॉइंट आठ? आणि प्रत्येक प्रयोगात हे असंच? इतकी वर्षं ब्युरेट हातात आहे, मला कधी जमलं नाही."

ब्युरेट म्हणजे बारीक खुणांची काचेची नळी; तिच्यातून थेंबथेंब द्रव सोडून तीनदा मोजायचं, आणि तिन्ही आकडे दर वेळी तंतोतंत सारखे येणं शक्यच नसतं. ती रीडिंग्ज आम्ही सीनियरच्या जर्नलवरून उतरवलेली. नंतर सुबक लिहून काढायच्या या फेअर जर्नलकडे मॅडम बघतही नसत, सही करून मोकळ्या. खोटं रेटायची छाती नव्हती, म्हणून सांगून टाकलं, की प्रत्यक्षातली रीडिंग्ज रफ वहीत असत.

"मग ती पाठवायची. हे जर्नल कशाला पाठवलंस?"

रफ वही कोण जपून ठेवतं? फोन केला तर आई म्हणाली, "अगं, ती मी तेव्हाच रद्दीत टाकली." पण लॉकडाऊनपासून रद्दीवाला सोसायटीत फिरकलाच नव्हता. गठ्ठे गॅलरीत तसेच पडून होते. आईबाबांनी खाली बसून एकेक सुतळी सोडली आणि दुसऱ्या दिवशी फोटो आले.

काय अवतार त्या वहीचा! ॲसिडचे डाग, कुरतडल्यासारख्या कडा. चुकलेलं रीडिंग पुसायचं नाही, एक रेघ मारून खाली नवं लिहायचं, हा मॅडमचा नियम. माझ्या पानापानावर रेघा, आणि शेजारी लाल पेनानं त्यांचे इंग्रजी शेरे: घाई केलीस, पुन्हा कर. रंग गडद झाला, पुन्हा. आता बरोबर, पण डोळा रेषेच्या समोर ठेव.

दहा दिवसांनी पत्र आलं. सूट मंजूर. खाली बाईंनी आपणहून लिहिलं होतं, की शिक्षिकेचे सगळे शेरे मी वाचले, तू खरंच काम केलं आहेस. मी खोलीत एकटी मोठ्यांदा रडले. ज्या मॅडमना मी वर्षभर मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यांनीच माझं वर्ष वाचवलं होतं.

मैत्रिणीकडून नंबर मिळवून मॅडमना फोन केला. त्यांना मी आठवतही नव्हते. तरी सगळं सांगितलं, रागाचंसुद्धा, आणि माफी मागितली. माफीचं बाजूला ठेवून त्यांनी एवढंच विचारलं:

"सगळे शेरे वाचले त्यांनी?"

"हो मॅडम, सगळे."

"इतकी वर्षं लिहितेय गं," त्या म्हणाल्या, "मुलंसुद्धा वाचत नाहीत."

मीही ते पहिल्यांदा नीट वाचले होते, ते आईनं पाठवलेल्या फोटोंतच.