पुढं बसायचं वजन

पाटोद्याला एक वेल्डर हाय. बोलताना तो मान्साच्या तोंडाकडं बघत न्हाई, अंगापिंडाकडं बघतो, माप घेतल्यावानी. चिखलात पळायला त्यानं लोखंडी नळ्यांची गाडी जोडली आन् इंजिन बसवलं मागं.

मी म्हणलो, "बैल कधी गाडीच्या मागं जुंपतेत का बे?"

"आबा, जोर मागच्या चाकांवर पायजे."

चिखलातून निघाली न्हाई तर कापून भंगारात घालीन, असं तो चारचौघांत बोलून बसला होता. काळ्या रानात सगळ्यांदेखत गाडी काढली, तर जोर दिला की पुढची चाकं अधांतरी. स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी वळंना.

मी म्हणलो, "कुळव मातीत रुतंना की आमी त्यावर धोंडा ठेवतो."

"धोंडा घसरतो, आबा. तुमी एकदा बसलात की जागा सोडीत न्हाईत."

मी पुढच्या नळ्यांवर बसलो. तोंडात चिखल गेला, पण चाकं टेकली आन् गाडी रानापार झाली.

दुसऱ्या दिवशी तो सुतळी घेऊन घरी आला. गाडीच्या नाकावर खुर्ची जोडायला माझ्या बुडाचं माप घेतलं आन् जाताना बजावलं, "वजन उतरू देऊ नका, डिझाइन बिघडंल."

त्याला मी अजून शाबास म्हणलो न्हाई. पण भाकर एक जास्त खातो.