साइट एक मिनिटही बंद नव्हती

मंडळी, घाईत लिहितेय, टायपो सांभाळून घ्या.

नाहूरला माझी मावशी पेशंटसाठी डबे करते. तिची ऑर्डरची साइट मी बघते. आज दुपारी ती नव्या होस्टिंगवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, हलवली. मधे कोणाला बंद दिसायला नको म्हणून जुनीही चालूच ठेवली. माझ्या फोनवर नवी झकास उघडली. मी खूश!

संध्याकाळी जुनं खातं बंद करण्याआधी सहज आत डोकावले. असा बदल सगळीकडे पोचायला काही तास लागतात, त्यामुळे काही लोकांना अजून जुनीच साइट दिसत होती, त्यांचे निरोप तिथेच पडून होते. एक निरोप हॉस्पिटलात असलेल्या, रोज डबा घेणाऱ्या आजोबांच्या मुलीचा: 'डॉक्टरांनी बाबांचं मीठ आजपासून पूर्ण बंद केलंय. बिनमिठाचं पाठवा.'

मावशीला फोन लावला. "डबो आताच गेलो गो!"

डबा नेणारा दादा स्कूटरवर, फोन उचलेना. शेवटी त्या मुलीलाच लावला. "ताई, डबा उघडू नका!"

"अहो, घास हातात आहे त्यांच्या... बाबा, ठेवा तो!"

मावशीने बिनमिठाची खिचडी टाकली, मी रिक्षाने हॉस्पिटलात नेऊन दिली. माफी मागितली. मुलगी शांतपणे म्हणाली, "साइट बंद दिसली असती ना, तर मी सरळ फोनच केला असता."

'एक मिनिटही बंद नाही' असं स्टेटस मी दुपारी टाकलं होतं यार. काढलं.

तुम्ही साइट हलवताना 'थोडा वेळ बंद, फोन करा' अशी पाटी लावता, की माझ्यासारखी शायनिंग मारता?